दोन क्लोन, दोन उत्तरं: सीएचडी८ नॉकआउटमध्ये विश्वास कोणावर ठेवायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी तो बरोबर समजले की नाही ते तुम्हाला कळेल. एच९ या मानवी भ्रूणीय स्टेम सेल लाइनमध्ये तुम्ही जीनोममधल्या एएव्हीएस१ या जागी डॉक्सिसायक्लिन (डॉक्सी) या औषधाने चालू होणारं, स्टेम सेलचा न्यूरॉन करणारं न्यूरोजेनिन-२ हे जनुक बसवलंत. मग क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने सीएचडी८ हे ऑटिझमशी संबंध असलेलं जनुक बंद केलंत. दोन नॉकआउट क्लोन, म्हणजे जनुक बंद झालेल्या एकेका पेशीपासून वाढलेल्या दोन वसाहती, हाती आले. डॉक्सी सुरू केल्यावर चौदाव्या दिवशी पहिल्या क्लोनच्या न्यूरॉन्सचे तंतू मूळ लाइनच्या जेमतेम निम्मे भरले, दुसऱ्या क्लोनमध्ये काही फरकच नाही. तुमचे गाइड म्हणतात, पहिला क्लोन चाललाय, दुसरा सोडा आणि लिहायला घ्या. त्यात कोणीतरी सांगितलं की एच९ जुनी झाली, आयपीएस (प्रौढ पेशींपासून बनवलेल्या स्टेम सेल) घ्या. आणि तुम्ही विचारताय, खरा क्लोन कोणता?

आज तुमच्याकडे जेवढी माहिती आहे तेवढ्यावर, दोघांपैकी एकही नाही. ‘पहिला क्लोन चालला’ असं आपण म्हणतो, कारण आपल्याला फरक हवा होता. फरक नको असता तर दुसराच चालला असता. तेव्हा कोणता क्लोन खरा हे बाजूला ठेवा. दिसलेला फरक सीएचडी८ गेल्यामुळे आहे की त्या क्लोनच्या स्वतःच्या काही भानगडीमुळे, एवढंच शोधायचं आहे. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलाय, तुम्ही तो विचारलेला नाही: न्यूरॉन कसा घडतो हे पाहायला न्यूरोजेनिन-२ हा मार्ग योग्य आहे का? त्याकडे नंतर येते.

क्लोन म्हणजे काय झालेलं असतं ते आधी आठवा. लाखो पेशींना इलेक्ट्रोपोरेशनचा, म्हणजे क्रिस्पर आत जावं म्हणून विजेचा, झटका दिला. डीएनएचे दोन्ही धागे कापले. मग एकेक पेशी वेगळी करून एकटी टाकली, आणि या पेशींना एकटेपणा मुळीच सोसत नाही. वाय-२७६३२ हे पेशींना तगवणारं औषध (रॉक रोधक) दिलं नाही तर बहुतेक मरतात, दिलं तरी बऱ्याच मरतात. त्यातून एक वाचली, तिची कॉलनी झाली, ती तुम्ही टिपने उचललीत. प्रत्येक पायरी म्हणजे एक चाळणी. २०१८ साली दोन गटांनी एकाच सुमारास दाखवलं की क्रिस्परच्या कापामुळे पी५३ हे डीएनएला इजा झालेल्या पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रथिन जागं होतं, आणि त्यापैकी एका गटाने हे मानवी स्टेम सेल्समध्येच पाहिलं होतं. म्हणजे ज्या पेशीचं पी५३ आधीच ढिलं आहे ती या चाळणीतून अलगद सुटते. त्याच्या आदल्या वर्षी १४० भ्रूणीय स्टेम सेल लाइन तपासल्या गेल्या होत्या, त्यातल्या पाचांमध्ये पी५३ च्या टीपी५३ जनुकात बदल सापडले. ही भीती पुस्तकी नाही. दोन क्लोनमध्ये सीएचडी८ शिवाय आणखी काय काय वेगळं असेल, हे तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

आमच्याकडे घडलेलं सांगते. जनुक वेगळं होतं, पण कथा तुमच्यासारखीच. आमचा सात नंबरचा क्लोन सगळ्यांचा लाडका. कॉलन्या गोल, कडा स्वच्छ, मधे पिवळट पडलेले डाग नाहीत. बाकीचे क्लोन एकास सहा पसरायचे, हा एकास दहा पसरला तरी चार दिवसांत प्लेट भरून मोकळा. मेलेल्या पेशी मीडियात तरंगताना जवळपास दिसायच्याच नाहीत. खरं म्हणजे तिथेच शंका यायला हवी होती. कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) केला, वीस पेशी मोजून अहवाल आला, ४६ एक्सएक्स, सर्व सामान्य. आम्ही निश्चिंत. या क्लोनमधून न्यूरोएक्टोडर्म (ज्यातून चेतासंस्था घडते तो थर) नीट होईना, त्याची खूण असलेलं पॅक्स६ कमी, म्हणून आम्ही जनुकाचा परिणाम सापडला म्हणून आनंदात. आठ महिन्यांनी एका कंटाळलेल्या मुलीने सहज क्यूपीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती मोजणारी चाचणी) लावला आणि २०व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा क्यू११.२१ हा तुकडा जादा निघाला.

या तुकड्यावर बीसीएल२एल१ नावाचं जनुक आहे, ते पेशीला मरण्यापासून वाचवतं. एक प्रत जास्त मिळाली की पेशी टिकाऊ होते, आणि प्लेटमध्ये टिकाऊ पेशीच राज्य करते. जगभरच्या लाइन्समध्ये हा सगळ्यांत नेहमी दिसणाऱ्या बदलांपैकी एक आहे. १, १२ आणि १७ व्या गुणसूत्रांवरचे वाढीव तुकडे हे त्याचे भाऊबंद. तुकडा बऱ्याचदा पाच मेगाबेसहून (पन्नास लाख अक्षरांहून) लहान असतो, आणि कॅरिओटाइपसाठी गुणसूत्रं रंगवायच्या जी-बँडिंग पद्धतीला त्याहून बारीक दिसत नाही. म्हणून अहवाल ‘सामान्य’ येतो. तुमच्या दृष्टीने वाईट बातमी पुढेच आहे: हा बदल असलेल्या पेशी न्यूरोएक्टोडर्मकडे नीट वळत नाहीत, हे प्रसिद्ध झालेलं आहे. म्हणजे ज्या लक्षणाला आपण आपल्या जनुकाचा परिणाम म्हणणार, नेमकं तेच लक्षण हा बदल फुकटात देतो.

आणि दोष आमचाच होता. कॉलनी उचलताना आम्ही सुंदर कॉलन्या निवडल्या. चाळणीला आम्ही आमचीही एक जाळी लावली.

आता तुमच्या क्लोनकडे. मी असते तर चौदाव्या दिवसाचे आणखी फोटो काढत बसले नसते. डॉक्सी दिल्यापासून २४ ते ४८ तासांत पेशी फिक्स करून न्यूरोजेनिन-२ चं स्टेनिंग केलं असतं. किती टक्के पेशी पॉझिटिव्ह आणि किती तेजस्वी, एवढंच. हे दोन दिवसांचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात अशा भांडणांपैकी बरीचशी इथेच मिटतात. तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: न्यूरोजेनिन-२ ची लाइन आधी एका क्लोनवर आणली होतीत, की अँटिबायोटिकने निवडलेला मिश्र घोळकाच पुढे क्रिस्परला वापरलात? घोळका वापरला असेल तर एका नॉकआउट क्लोनमध्ये कॅसेटची (बसवलेल्या न्यूरोजेनिन-२ च्या तुकड्याची) एक प्रत, दुसऱ्यात दोन, तिसरीकडे भलत्याच गुणसूत्रावर आणखी एक, असं सहज असू शकतं. आणि न्यूरोजेनिन-२ किती आणि किती दिवस चालतं यावर कोणत्या जातीचा न्यूरॉन होणार हे ठरतं. एका पेशीचा आरएनए वेगळा वाचणाऱ्या प्रयोगांत दिसलंय की या पद्धतीने निव्वळ कॉर्टेक्ससारखे न्यूरॉन होत नाहीत, मेंदूबाहेरच्या चेतासंस्थेच्या खुणा बाळगणारेही त्यात निघतात. तुमच्या दोन क्लोनमध्ये न्यूरॉनची जातच वेगळी असेल तर तंतूंची लांबी तुलनेलाच घेता येत नाही.

एकाच क्लोनवरून काम केलं असेल तरी सुटका नाही. एएव्हीएस१ ही जागा ‘सुरक्षित’ म्हणून प्रसिद्ध आहे, १९व्या गुणसूत्रावर, पीपीपी१आर१२सी जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाचा संदेश नसलेल्या भागात). सुरक्षित म्हणजे तिथे काही घातलं तर पेशीचं फारसं बिघडत नाही. तुम्ही घातलेलं जनुक बोलतं राहील असा त्याचा अर्थ नव्हे. डिफरन्शिएशनमध्ये (स्टेम सेलची विशिष्ट पेशी होताना) तिथली कॅसेट गप्प होते, कधी काही पेशींत, कधी सगळ्या. तेराव्या गुणसूत्रावरच्या सीएलवायबीएल या जागी अभिव्यक्ती (जनुकाचं काम) बहुधा जोरकस मिळते. नवी लाइन करायची असेल तर मी तिकडे जाईन, पण फक्त यासाठी जुनी लाइन मोडीत काढायची गरज नाही.

दुसरी तपासणी अगदी साधी आहे, आणि साधी असल्यामुळेच राहून जाते. चौथ्या दिवशी पेशी सोडवून पुन्हा लावल्यात, तेव्हा मोजून लावल्यात हे मी गृहीत धरते. पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) जिवंत किती चिकटल्या ते मोजलंत का? एका क्लोनच्या पेशी सुट्या करताना जास्त मरत असतील, तर तोच आकडा लावूनही वेल विरळ राहते. विरळ वेलमधले न्यूरॉन शेजाऱ्यांच्या आधाराविना खुरटतात. दाट वेलमध्ये तंतू एकमेकांत गुंततात आणि सॉफ्टवेअर दोन न्यूरॉनचा एक लांब तंतू धरतं. दोन्हीकडून फसगत. माझ्याकडे कोणी तंतूंच्या लांबीचा आलेख आणला की मी आधी त्याच वेलमधल्या केंद्रकांची संख्या मागते.

तिसरी गोष्ट: नॉकआउट खरंच नॉकआउट आहे का? तुम्ही लिहिलंय की सँगर सीक्वेन्सिंगमध्ये (डीएनएची अक्षरं वाचण्याच्या चाचणीत) एकच स्वच्छ क्रम आला, म्हणून दोन्ही प्रतींत तोच बदल. असू शकतं. पण दुसऱ्या प्रतीत काही हजार अक्षरांचा मोठा तुकडा उडाला असेल, तर तुमचा प्राइमर (पीसीआर जिथून सुरू होतो तो डीएनएचा छोटा तुकडा) तिथे बसणारच नाही, आणि पीसीआर फक्त पहिली प्रत दाखवून ‘होमोझायगस’ म्हणेल. क्रिस्परनंतर हे नवलाचं नाही. यावर उपाय असा: कापाच्या जागेपासून थोडं दूर, एच९ च्या दोन प्रतींत मुळातच वेगळं असलेलं एखादं अक्षर शोधा, आणि क्लोनमध्ये तिथे अजून दोन्ही अक्षरं दिसतात का पाहा. एकच दिसलं तर एक प्रत तिथून गायब आहे, किंवा एकीवर दुसरीची नक्कल उतरली आहे. त्याच्या जोडीला वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिन आहे का ते दाखवणारी चाचणी, हवाच. सीएचडी८ जवळपास २९० किलोडाल्टनचं धूड आहे, जेलवरून पडद्यावर न्यायच्या नेहमीच्या तासाभराच्या ट्रान्सफरला दाद देत नाही. कमी टक्क्यांचं जेल घ्या आणि कमी व्होल्टेजवर रात्रभर थंडीत ठेवा, नाहीतर मूळ एच९ मध्येही पट्टा दिसणार नाही आणि तुम्ही सगळ्यांनाच नॉकआउट समजाल. जनुक वाचायची चौकट (फ्रेम) सरकली म्हणजे प्रथिन गेलंच असं धरू नका. पेशी तो एक्झॉन (जनुकाचा प्रथिन सांगणारा तुकडा) गाळून पुढून कामचलाऊ प्रथिन काढू शकते. तुमचा ‘फरक नसलेला’ दुसरा क्लोन कदाचित याच जातीचा असेल. तसं निघालं तर गाइड म्हणतात ते बरोबर ठरेल, फक्त कारण वेगळं असेल.

गाइडवरून आठवलं, दोन्ही क्लोन एकाच गाइडने केलेत का? क्रिस्परला कापाची जागा दाखवणाऱ्या आरएनएबद्दल विचारतेय, सरांबद्दल नाही. पुढच्या खेपेला दोन वेगळ्या जागी कापणारे गाइड घ्या. दोघांची चुकीच्या ठिकाणी कापण्याची खोड वेगळी असते, त्यामुळे दोन्हींकडून सारखंच लक्षण आलं तर ते सीएचडी८ चं असण्याची शक्यता बरीच वाढते.

किती क्लोन हवेत हे सगळेच विचारतात, आणि खरं उत्तर फरक किती मोठा आहे यावर अवलंबून आहे. तरीही आकडाच हवा असेल तर तीन नॉकआउट आणि तीन कंट्रोल याखाली मी स्वतः काही लिहीत नाही. कंट्रोल म्हणजे मूळ एच९ नव्हे. तोच इलेक्ट्रोपोरेशनचा झटका खाल्लेले, तसेच एकटे वाढलेले, फक्त ज्यांचा सीएचडी८ शाबूत राहिला असे क्लोन. तुम्ही ते टाकून दिलेत असं दिसतंय. फ्रीझरमध्ये मूळ ९६ वेलची प्लेट असेल तर आजच शोधा, ती सोन्याची खाण आहे. या सहाही क्लोनचं डिफरन्शिएशन एकाच दिवशी, एकाच मीडियात, आणि असं निदान तीन वेळा वेगवेगळ्या आठवड्यांत. संख्याशास्त्रात मोजायचा तो क्लोन. पहिल्या क्लोनचे चारशे न्यूरॉन मोजलेत म्हणून एन (नमुन्यांची संख्या) चारशे होत नाही, तो एकच राहतो. तुमच्या आलेखावरचे तीन तारे (फरक योगायोगाचा नसल्याची खूण) त्या चारशेंतून आलेत, हे परीक्षकाच्या पहिल्याच वाचनात सुटणार नाही.

आता तो न विचारलेला प्रश्न. न्यूरोजेनिन-२ ची पद्धत २०१३ साली स्टॅनफर्डहून आली आणि तिने आमचं सगळ्यांचं आयुष्य सोपं केलं: दोन आठवड्यांच्या आत जवळपास निव्वळ न्यूरॉन. पण हा वेग येतो कुठून? मधल्या पायऱ्या गाळल्यामुळे. न्यूरल पूर्वज पेशी विभागत राहणं, त्यांचे फुलासारखे रोझेट होणं, कोणी आधी बाहेर पडून खालच्या थरातला न्यूरॉन होणं, कोणी उशिरा वरच्या थरातला, हे काही या पद्धतीत नीटसं घडतच नाही. बी रुजताना पाहायचं होतं आणि आपण वाढलेलं कलम आणून लावलं, असा प्रकार. घडून गेलेल्या न्यूरॉनमध्ये सिनॅप्सचं काय होतं हे पाहायचं असेल तर याहून सोयीचं साधन नाही. पण सीएचडी८ डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या क्रोमॅटिनची मांडणी बदलणारं प्रथिन आहे आणि त्याचा मोठा कारभार पूर्वज पेशींच्या काळातला. ज्यांच्यात त्याची एक प्रत बिघडलेली असते त्यांच्यापैकी अनेकांचं डोकं सरासरीपेक्षा मोठं असतं, हेही तिकडेच बोट दाखवतं. तुमच्या प्रयोगात नेमका तोच काळ गायब आहे.

म्हणून त्याच क्लोनमधून, डॉक्सी न देता, दुहेरी स्मॅड रोधाने (स्मॅडचे दोन संदेशमार्ग रोखून पेशी न्यूरलकडे वळवण्याच्या पद्धतीने) चला. २००९ पासूनची घासूनपुसून झालेली पद्धत आहे: एसबी४३१५४२ हे रोधक, आणि नॉगिन या प्रथिनाच्या जागी आता बहुतेक जण एलडीएन१९३१८९ वापरतात. दहाव्या दिवसाच्या आसपास पॅक्स६ पॉझिटिव्ह पेशींची चादर दिसायला हवी. मग रोझेट, मग टीबीआर२ असलेल्या मधल्या पेशी, मग टीबीआर१ आणि सीटीआयपी२ चे खालच्या थरांचे न्यूरॉन, आणि बऱ्याच उशिरा सॅटबी२ चे वरच्या थरांचे. प्रत्येक टप्प्यावर किती पेशी कुठे आहेत ते मोजा. एका दिवसाचा फोटो पुरत नाही, कारण चौदाव्या दिवशी तंतू निम्मे असणं हा बिघाड आहे की नुसता उशीर, हे एका फोटोवरून कळत नाही. एकविसाव्या दिवशी ते बरोबरीला आले तर गोष्टच वेगळी. मानवी कॉर्टेक्सचे न्यूरॉन मुळात संथ. उंदराच्या मेंदूत रोपले तरी आपल्याच चालीने महिनोन्महिने घेतात. २०२२ साली हार्वर्डच्या एका गटाने सीएचडी८ सह तीन ऑटिझम जनुकं ऑर्गनॉइडमध्ये (प्लेटमध्ये वाढवलेल्या मेंदूच्या छोट्या प्रतिकृतीत) पाहिली, तेव्हा तिन्हींत वेळापत्रकच बिघडलेलं निघालं: काही न्यूरॉन वेळेआधी, काही मागे. आणि लक्षण किती ठळक दिसतं हे दात्याच्या जनुकीय पार्श्वभूमीवर अवलंबून होतं, हेही त्यातच आहे. तुमच्या ‘एका लाइनमध्ये दिसलं’ या दाव्यासाठी हे लक्षात ठेवा.

आणखी एक. माणसांत बिघडते ती एकच प्रत. उंदरात दोन्ही गेल्या तर गर्भ अगदी सुरुवातीलाच दगावतो. प्रथिन काय करतं हे समजायला दोन्ही प्रती काढा, हरकत नाही, पण आजाराबद्दल एक वाक्य जरी लिहायचं असेल तर एकच प्रत गेलेले क्लोन लागतील. ते बहुधा त्याच ९६ वेलच्या प्लेटमध्ये पडलेले असतील.

पुढे रिपोर्टर (जनुक चालू आहे हे रंगाने दाखवणारा टॅग) घालायचा विचार आहे म्हणालात, पॅक्स६ ला हिरवा रंग. जनुकाची एक प्रत मोडून तिथे जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) बसवू नका. पॅक्स६ मात्रेच्या बाबतीत फार हळवं आहे. माणसात एक प्रत गेली की डोळ्याची बुबुळच नीट बनत नाहीत. प्रथिन पूर्ण राहू द्या आणि शेवटच्या कोडॉनच्या जागी पी२ए (दोन प्रथिनं वेगळी करणारा छोटा तुकडा) लावून मागे जीएफपी जोडा. साधं जीएफपी पेशीत एक दिवसाहून जास्त टिकतं, त्यामुळे पॅक्स६ बंद झालेली पेशीही हिरवीच दिसेल. संक्रमणाचा क्षण पकडायचा असेल तर लवकर मोडणारं जीएफपी घ्या, उजेड कमी मिळेल ते सोसा.

एच९ की आयपीएस यावर फार वेळ घालवू नका. एच९ १९९८ मध्ये विस्कॉन्सिनहून आलेल्या पहिल्या पाच लाइन्सपैकी. तिच्या खोडी आम्हाला माहीत आहेत, आणि माहीत असलेली खोड परवडते. नैतिक समितीची परवानगी भ्रूणीय लाइनला जास्त कटकटीची, हे खरं. पण आयपीएस म्हणजे स्वच्छ पाटी असंही नाही. संदर्भ लाइन म्हणून काळजीपूर्वक निवडलेल्या केओएलएफ२.१जे या आयपीएस लाइनमध्येसुद्धा मेंदूच्या विकासाशी संबंधित काही जनुकखंड गहाळ असल्याचं नंतर निघालं. दुसरी लाइन जरूर घ्या, निकाल तिच्यातही येतो का पाहायला. पहिलीतला गोंधळ निस्तरायला मात्र नको.

हात सैल असेल तर क्लोनच्या भांडणातून जवळजवळ पूर्ण बाहेर पडायचा एक रस्ता आहे. सीएचडी८ ला डिग्रॉन टॅग जोडा. औषध दिलं की काही तासांत प्रथिन नष्ट, नाही दिलं की शाबूत. तोच क्लोन स्वतःचा कंट्रोल होतो, आणि कोणत्या टप्प्यावर प्रथिन लागतं हे दिवस बदलून विचारता येतं. फक्त त्यासाठी डॉक्सीवर चालणारी यंत्रणा घेऊ नका, ती न्यूरोजेनिन-२ ने अडवलेली आहे, आणि टॅगमुळे औषधाविनाच प्रथिन कमी पडत नाही ना ते आधी ब्लॉटवर बघा.

हे सगळं करायला वर्ष लागेल आणि तुमच्याकडे ते नसेल, हे कळतं. वेळ कमी असेल तर क्रम असा ठेवा: मायकोप्लाझ्मा (जीवाणूंचा संसर्ग) आणि एसटीआर (लाइनची ओळख पटवणारी चाचणी), दोन्ही क्लोन आणि मूळ लाइनवर २०क्यू चा क्यूपीसीआर, न्यूरोजेनिन-२ चं स्टेनिंग, मग ब्लॉट. तीन आठवडे पुरतात. यातल्या एखाद्यातही पहिला क्लोन नापास झाला तर सरांशी वाद घालायची वेळच येणार नाही, जेल समोर ठेवायचं. सगळ्यांत पास झाला, तर जुन्यातली जुनी गोठवलेली व्हायल (कुपी) काढून कंट्रोल क्लोनसकट पुन्हा लावा.

तुम्ही पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या प्लेटमध्ये पसरल्या) कुठेच लिहिलेला नाही. दोन्ही क्लोनचा, आणि ज्या एच९ शी तुलना केलीत तिचाही, तेवढा कळवा. त्या तिघांत वीस-पंचवीस पॅसेजचं अंतर असेल तर वरचं बरंचसं करायच्या आधी मी तेच सारखं करून घेईन.